विलायतेत पेरलेलं गवत

हे मी सांगते आहे आणि माझी भाची लिहून घेते आहे. मी तिसरीपर्यंत शाळेत गेली, पुढे गुरं आणि लहान भावंडं. भाची मधेच म्हणते, आत्या, हा शब्द असा नाही, तसा. मी तिला म्हटलं, तू नुसतं लिही. सुधारायचं असेल तर स्वतःचं सांग आणि ते सुधार.

विलायतेहून आली त्या दिवशी संध्याकाळी गल्लीतल्या बायका ओट्यावर जमल्या. आमचं गाव शिंदखेड्याजवळ. आमच्या वस्तीतून विमानात बसलेली मी पहिली बाई. त्यांना ऐकायचं होतं.

"अक्का, सहा महिना तठे ऱ्हायनी. राजाना वाडा दखा का?"

"नही दखा."

"मंग काय दखं?"

"धोबीनं दुकान, कबरस्तान, नि गवत."

एक म्हणली, "येडी व्हयनी का वं?" बाकीच्या हसल्या. हसू द्या. मी खरं तेच सांगितलं. त्या तीन जागांसाठी मी माझ्या पोटच्या लेकीशी भांडली, आणि राजाच्या वाड्यासाठी मी कोणाशी भांडली नसती.

लेक माझी एकच. ती दुसरीत होती तेव्हा तिचा बाप तापानं गेला. आधीची आणि पुढची मिळून तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या रानात निंदायला, म्हणजे पिकातलं गवत काढायला गेली. कपाशी, भुईमूग, कांदा. सकाळी पात धरायची, म्हणजे आपल्या वाटणीची ओळ, आणि बसल्या बसल्या पुढे सरकत दुसऱ्या बांधापर्यंत जायचं. पावसात गोणपाट डोक्यावर. अंगात ताप असला तरी जायचं, कारण पात सोडली तर शेजारणीवर पडते. त्याच निंदणीवर लेक धुळ्याला नर्स झाली आणि मग विलायतेत नोकरीला लागली. लंडन नाही, लंडनच्या वर तीन तास गाडीनं, असं एक शहर. जावई विदर्भातले, तेही दवाखान्यातच कामाला. माणूस चांगला. मला सासूबाई न म्हणता आई म्हणतो.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके खेळतात. त्या वर्षी लेकीचे दिवस भरत आले होते, म्हणून आखाजी झाल्याबरोबर मायच लेकीकडे गेली. मुलगी झाली. पहिला महिना न्हाणंधुणं, खाणंपिणं, बाळंतिणीचं सगळं मी केलं. मग बाळ झोपायला लागलं, लेक हिंडायफिरायला लागली, आणि मला काम उरलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. खिडकीतून समोरच्या घराची खिडकी. लेक म्हणायची, "माय, टीव्ही बघ." जावई म्हणायचे, "आई, शनिवारी आपण किल्ल्यावर जाऊ." शनिवारी गाडीत बसवायचे, किल्ला दाखवायचे, समुद्र दाखवायचे. किल्ला म्हणजे दगड. माझे गुडघे असे की वर चढेपर्यंत राजा मरून दुसरा आला असता. फोटो काढायचे, परत आणायचे. मग पुढच्या शनिवारपर्यंत खिडकी.

एक दिवस मी चप्पल घातली.

"कुठं?"

"खाली."

"खाली काय आहे?"

"तेच पाहायला चालली."

लेकीनं दोन दिवस नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी तिनं एक कार्ड केलं, त्यावर घराचा पत्ता आणि तिचा फोन नंबर, आणि दोरी लावून माझ्या गळ्यात अडकवलं. म्हणाली, हरवली तर कोणालाही दाखव. बाजारात बकरीच्या गळ्यात असते तशी ती चिठ्ठी. मला राग आला, पण बाहेर जायचं होतं, म्हणून गप्प राहिली. चावी मात्र मी मागून घेतली. कार्ड वर लटकत होतं, चावी मी आत पोलक्यात ठेवली.

पहिली जागा धुलाईचं दुकान. आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावरच. तिथे भिंतीला लावलेली मोठी मोठी यंत्रं, लोक आपापले कपडे आणून टाकतात आणि बसून राहतात. आत ऊब असते. विलायतेत उन्हाळ्यातही माझे हात गार पडायचे, तिथे गेली की चुलीपुढे बसल्यासारखं वाटायचं. एक काळी, जाडजूड बाई रोज चादरी घेऊन यायची, कुठल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला असावी. आम्ही दोघी मिळून चादरीच्या घड्या घालायचो. चादर दोघींनी धरायची, ताणायची, जवळ यायचं, पुन्हा मागे जायचं. बोलणं काहीच नाही. तिला माझं कळत नव्हतं, मला तिचं. तरी ती रोज काहीतरी सांगायची आणि मी हूं म्हणायची. माझंही सांगायची, माझ्या जाऊबाईच्या सगळ्या तक्रारी मी तिला सांगून टाकल्या. गावात सांगितल्या असत्या तर संध्याकाळपर्यंत जाऊबाईच्या दारात पोचल्या असत्या.

दुसरी जागा कबरस्तान. दोन गल्ल्या पलीकडे. लेकीला कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, माय, तिथं कोणी बसतं का. बसतात. तिथे बाकं आहेत, मोठी झाडं आहेत, लोक पाव खात बसतात. मेलेल्यांना मी काय भ्यायचं, मी जिवंत माणसांना भिऊन अर्धं आयुष्य काढलं.

पण मी तिथे जायची ते नळासाठी. फाटकाजवळ एक नळ होता, कबरींवरच्या फुलांना पाणी घालायला. कोणीही यायचं, डबा भरायचं, जायचं. मी पहिल्या दिवशी ओंजळ भरून पाणी प्याली आणि मागे वळून पाहिलं. कोणी पाहत नव्हतं. माझ्या लहानपणी विहिरीवर आम्हाला वरून पाणी वाढायचे. मोठी पोरगी होती मी, तहान लागलेली, आणि वाढणारी बाई शेजारणीशी बोलत उभी, घागर हातात. तिचं बोलणं संपेपर्यंत मी ओंजळ धरून उभी. ते दिवस गेले, आता गावात माझ्या घरात नळ आहे. पण मागे वळून पाहायची खोड गेली नाही, ते मला विलायतेत कळलं. मग मी ठरवलं, ह्या नळावर रोज यायचं आणि खोड जाईपर्यंत प्यायचं. पंधरा-वीस दिवस लागले. लेकीनं सांगितलं, ते पाणी पिण्याचं नाही. मी म्हटलं, मला काही होत नाही. झालंही नाही.

तिसरी जागा कबरस्तानच्या मागच्या बाजूला. तिथे तारेचं कुंपण आणि आत जमिनीचे लहान लहान तुकडे, एकेका माणसाला एकेक. घरं उंचावर, अंगण नाही, म्हणून सरकार त्यांना असा तुकडा देतं म्हणे, भाजीपाला लावायला. मी कुंपणाला धरून उभी राहिली. वाटाणा होता, कोबी होता, बटाट्याची फुलं होती. काळी, भुसभुशीत माती. लेक रोज विचारायची, गावाची आठवण येते का, आणि मी नाही म्हणायची. ती माती पाहिली आणि आली.

आत एक म्हातारा होता, टोपी घातलेला, माझ्याच वयाचा. चार-पाच दिवस त्यानं मला कुंपणापाशी पाहिलं, मग फाटक उघडून हातानं ये म्हणाला. मी गेली. त्याच्या कोबीत चाकवतासारखी भाजी उगवलेली, तो ती उपटून फेकत होता. मी त्याचा हात धरला, ती खुडून पदरात घेतली. तो हसला आणि त्यानं मला सगळी दिली. घरी येऊन भाजी केली. लेकीनं दोन घास खाल्ले, म्हणाली, ही कुठून आली? मी म्हटलं, खा.

आता चूक सांगते. चूक माझीच, पण ती मी का केली तेही ऐका.

त्या म्हाताऱ्याच्या शेजारचा तुकडा पार माजलेला होता. गुडघ्याच्या वर गवत, काटेरी झाडं, पिवळी निळी फुलं, वेल एकमेकांत गुंतलेले. मी रोज पाहत होती, तिथे कोणी येत नव्हतं. मला वाटलं, मालक आजारी असेल नाहीतर गेला असेल. आमच्याकडे रीत आहे, एखादीच्या घरी दुखणं असलं, तिचं रान माजलं, की बाकीच्या बायका एक दिवस जाऊन निंदून देतात. मागायचं नसतं, सांगायचं नसतं. माझा नवरा गेला तेव्हा आमचं अर्ध्या एकराचं शेत असंच निंदून झालेलं मला सकाळी दिसलं. कोणी केलं ते आजपर्यंत कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी लेकीच्या स्वयंपाकघरातलं लोखंडी उलथनं पदराखाली घेऊन निघाली. खुरपं कुठून आणणार. म्हातारा ते दोन दिवस नव्हता, फाटक नुसतं लोटलेलं होतं. मी पात धरली.

काय सांगू, किती वर्षांनी बसली होती. गुडघे ओरडले, मग गप्प झाले. विलायतेचं गवत मुळाला कच्चं असतं, माती मऊ, ओढलं की येतं. मी निंदलं आणि सवयीनं मुळ्या वर करून कडेला रचत गेली, म्हणजे पुन्हा धरत नाही. दुपारपर्यंत अर्धा तुकडा झाला. दुसऱ्या दिवशी उरलेला. शेवटची ओळ राहिली होती तेव्हा फाटकापाशी सायकल थांबली.

उंच बाई, पांढरे केस, पायात रबरी बूट. ती आत आली आणि जागीच उभी राहिली. मी उठली, हात झटकले, हसली. मला वाटलं होतं, आता ही बाई माझे हात धरेल. तिचा चेहरा कागदासारखा झाला. ती ओरडली नाही. हळू आवाजात बोलत होती, आणि तेच वाईट होतं, शिव्या दिल्या असत्या तर मला कळल्या असत्या. मग तिनं माझ्या गळ्यातलं कार्ड धरलं, वाचलं आणि फोन लावला.

लेक घरच्याच कपड्यांत, बाळाला बाबागाडीत घालून धावत आली. दोघी बोलल्या. लेक पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत होती, मान खाली घालून. तिला तशी मान घातलेली मी ह्याआधी कधी पाहिली नव्हती. तशी घालायला लागू नये म्हणून तर शिकवली होती.

मग तिनं मला सांगितलं. ते गवत त्या बाईनं मुद्दाम ठेवलेलं. पाच-सहा वर्षं हात लावला नव्हता, मधमाश्यांसाठी, फुलपाखरांसाठी. कुठलं तरी फुलपाखरू तिथे येतं, ते ती मधूनमधून येऊन वहीत लिहून ठेवायची.

"तुले कोणी सांगेल व्हतं?" लेक म्हणाली. एरवी ती माझ्याशी शहरातलं बोलते, राग आला की आमची बोली येते.

"सांगाले काय लागस? रान माजेल दखं, निंदं."

घरी आल्यावर तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, चावी. मी पोलक्यातून काढून दिली. ती म्हणाली, "मी इथं नोकरी करते माय. उद्या ह्या बाईनं तक्रार केली तर? आपण इथले नाही. आपण जपून राहायचं. आता तुला एकटीला खाली जायचं नाही, तिकिटाची तारीख येईपर्यंत."

जावई मधे पडले, "अगं, आईंना माहीत नव्हतं."

"माहीत नाही तर विचारायचं."

मी उलथनं धुऊन जागेवर ठेवलं. जपून राहायचं, हे माझी मायही मला सांगायची. नजर खाली, आवाज खाली, रस्त्याच्या कडेनं चालायचं. मला वाटलं होतं ते शब्द मी गावातच पुरून आली. ते लेकीबरोबर विलायतेपर्यंत गेले होते.

चार दिवस मी खिडकीत बसली. समोरच्या खिडकीत एक मांजर बसायची, तीही कंटाळून निघून गेली. ती बुटांवाली बाई रडली नव्हती, पण तिचा चेहरा माझ्यासमोरून हलेना. सॉरी लेकीनं म्हटलं होतं. चूक मी केली आणि मान लेकीनं घातली, हे मला गिळवेना. आणि खरं सांगते, फुलपाखरासाठी गवत, हे मला तेव्हा येडेपणच वाटत होतं, आताही थोडं वाटतं. पण रान तिचं. माझ्या रानात कोणी शहाणपण केलं असतं तर मी विळा घेऊन उठली असती.

पाचव्या दिवशी पहाटे मला सुचलं. निंदणारणीला एक गोष्ट पक्की माहीत असते, गवताला बी धरायच्या आत निंदायचं, नाहीतर एका वर्षाचं बी सात वर्षं निंदायला लावतं. मी निंदलं ते श्रावणात. बी धरलेलं होतं, झाडांवरच होतं. आणि उपटलेलं सगळं मी मुळ्या वर करून कडेला रचलं होतं. म्हणजे ते वाळलं असणार, आणि बी त्यातच असणार.

लेक बाळाला पाजत होती. मी चप्पल घातली, गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"कुठं?"

"त्या बाईच्या रानात."

"माय, मी सांगितलं ना."

"मी जास," मी म्हटलं. "दार लाव, नही ते संगे चाल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या लहानपणी तिला कधी मारलं नाही, पण ज्या आवाजात मी मुकादमाला सांगायची की उद्यापासून येणार नाही, तो आवाज तिनं ऐकलेला आहे. तिनं बाळाला खांद्यावर घेतलं. मी जिना उतरली. रस्त्यावर आली तेव्हा मागे बाबागाडीचा आवाज आला.

बाई तिथेच होती, उघड्या मातीपुढे खुर्ची टाकून बसलेली. म्हातारा त्याच्या कोबीत. मला पाहून बाई उठली. मी तिच्याकडे गेलीच नाही. सरळ कडेच्या ढिगाकडे गेली, एक पेंढी उचलली, तळहातावर आपटली. बी पडलं, काळं, बारीक, मोहरीहून लहान. तळहात तिला दाखवला. मग मातीत वाकली, पेंढी दोन्ही हातांनी चोळत चोळत ओळीनं पुढे गेली. जिथून उपटलं होतं तिथेच. पेंढी रिकामी झाली की दुसरी.

माझ्या मागे लेकीचा आवाज ऐकू येत होता, ती बाईला सांगत होती. ह्या वेळी सॉरी ऐकू आलं नाही. नंतर मी विचारलं, काय सांगितलं. म्हणाली, मी सांगितलं की माझ्या आईनं तीस वर्षं गवत उपटून मला शिकवलं, आणि आज ती पहिल्यांदा गवत पेरते आहे.

बाई हसली नाही, जवळ आली नाही. मग तिनं ढिगातून एक पेंढी उचलली आणि माझ्या शेजारची ओळ धरली. तिला चोळता येत नव्हतं, बी एकाच जागी पाडत होती. मी तिच्या हाताला हात लावून दाखवलं. म्हातारा पाण्याची झारी घेऊन आला, तर मी त्याला थांबवलं, पाऊस येईलच, झारीनं बी वाहून जाईल. आम्ही दोघींनी मिळून ढीग संपवला. दोन दिवस लागले, जेवढे उपटायला लागले तेवढेच. शेवटची जी ओळ मी उपटली नव्हती, तिच्यात एक लहानसं तपकिरी फुलपाखरू बसलेलं बाईनं मला बोटानं दाखवलं. मी पाहिलं. आमच्या कपाशीवर असली ढीगभर असतात. पण मी मान डोलावली.

तक्रार तिनं केली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. पुढे तीन महिने मी गेली तेव्हा फाटक लोटलेलं असायचं, आणि तिच्या खुर्चीशेजारी एक दुसरी खुर्ची असायची, एवढंच.

ढीग संपला त्या संध्याकाळी लेकीनं चावी टेबलावर कार्डाशेजारी ठेवली. मी चावी उचलली. कार्ड तिथेच राहिलं. दोन-तीन दिवसांनी तिनंच ते फाडलं.

आता ती पुन्हा बोलावते आहे, नात चालायला लागली म्हणते. मी फोनवर सांगितलं, "दरवाजात उतरल्याबरोबर चावी हातात देशील तर येईन. शनिवारचे किल्ले नकोत." ती म्हणाली, "देते माय, आणि उलथनं नवं आणलंय, ते घरातच ठेव." जुनं वाकलं होतं.

मागच्या आठवड्यात तिनं मोबाईलवर फोटो पाठवला. तो तुकडा. हिरवागार, गुडघ्याएवढा, जागाच दिसत नाही. मी ओट्यावर बायकांना दाखवला. त्यांनी मोबाईल हातोहात फिरवला, डोळ्याजवळ नेला.

"अक्का, बठ्ठं गवतच शे वं आठे. निंदाले कोनी नही का त्यास्ना गावात?"

"निंदानं नही," मी म्हटलं. "मी पेरेल शे."